कुंपणाचा काटकोन

किजांगा मास्तरांच्या हातात फळ्यावर आखायचा लाकडी गुण्या असायचा, चांगला हातभर लांब. त्याची एक कड झिजून गोल झाली होती. फळ्यावर आखून लाकूड एवढं झिजत नाही, ती पोरांच्या बोटांवर झिजली होती.

पाचवीच्या पोरांची भूमितीची चढाओढ लागली होती. आमच्या भागातल्या सगळ्या शाळा मिशनच्या पटांगणात जमणार, तोंडी प्रश्न विचारणार, फळ्यावर आकृत्या काढायला लावणार. जी पोरगी सगळ्या पोरींत पुढं येईल, तिला मिशनच्या बायका आपल्या वसतिगृहात ठेवून घेणार. खाणं, कपडे, पुस्तकं, सगळं त्यांचं. हे कानावर पडलं त्याच दिवशी मी ठरवलं, माझी अनासिया तिथं गेली पाहिजे. भूमिती कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं. मला लेकीला त्या घरातून बाहेर काढायचं होतं आणि दुसरी वाट दिसत नव्हती.

घरात काय होतं ते सांगते. आमच्या डोंगरावर बापाची जमीन थोरल्याला आणि धाकट्याला जाते. थोरल्याला वरचा मळा, धाकट्याला बापाचं घर आणि घराभोवतीची केळीची बाग. मधल्याला काही नाही, मधल्यानं कुठंही जाऊन मरावं. माझा नवरा अमिनिएली धाकटा. मधला एलिसारिया, माझा दीर. तो खाली खाणीत गेला, दुसऱ्यांसाठी रत्नं खोदली, स्वतःच्या छातीत धूळ भरून घेतली आणि खोकत परत आला. भाऊबंदांनी दया म्हणून आमच्या बागेतला एक पट्टा तोडून त्याला दिला आणि मधे इसालेची झुडपं लावली. इसाले म्हणजे हद्द. सरकारचा दगड कुणी उपटला तर सरकार बघून घेतं. इसाले उपटलं तर कोयता निघतो.

त्या पट्ट्यानं माझ्या नवऱ्याचं डोकं फिरवलं. आज दिराची कोंबडी मान मोडून पाटात सापडायची, उद्या आमच्या गाईच्या गोठ्याचं दार फोडलेलं असायचं. भावावर हात चालेना म्हणून अमिनिएलीचा हात माझ्यावर चालायचा. मला त्याची सवय झाली होती. पण एकदा अनासिया मधे पडली तेव्हा तिलाही लाथ बसली आणि तिच्या लघवीतून रक्त गेलं. त्यानंतर माझा जीव घरात रमला नाही.

तर भूमिती. आम्ही मायलेकी गाईसाठी खालच्या मैदानातून गवत आणायचो. डोक्यावर भारे, पायाखाली चिखल, चढ असा की बोलायला दम पुरत नाही. तरी मी तिला बोलायला लावायची.

"काटकोन?"

"नव्वद अंश."

"त्याच्याहून कमी?"

"लघुकोन."

"आणि जास्ती?"

"विशालकोन. म्हणजे दारू पिऊन वाटेत पसरलेले बाबा."

मला हसू आलं. मग तिला गप्प केलं, कारण वाटेवर माणसं होती.

घरी आल्यावर ती चुलीपुढच्या राखेत काडीनं त्रिकोण काढायची, मी केळी सोलता सोलता बघायची. तिचे तळवे सुजून टम्म झाले होते. बोटं मिटायची नाहीत. मी मिठाच्या कोमट पाण्यात तिचे हात धरून बसायची. ती रडायची नाही, नुसतं नाक ओढायची.

एक दिवस पिकल्या केळ्यांचा घड घेऊन मी मास्तरांच्या खोलीवर गेले. मास्तर सिंगिडाकडचे, सपाट कोरड्या मुलखातले. आमची भाषा त्यांना येत नव्हती, आमचा पाऊस सोसत नव्हता. बनियनवर बसून वह्या तपासत होते.

"मास्तर, पोरीचे हात सुजलेत."

"सुजणारच. कोपरे चुकवते. काटकोन काढ म्हटलं की तिची रेघ घसरते."

"मारू नका म्हणायला आले नाही मी. उजव्या हातावर मारू नका एवढंच. लिहायचं असतं तिला."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. घड कोपऱ्यात ठेवला.

"अनासियाच्या आई, मलाही साहेब दम देतात. पोरं मागं पडली तर म्हणतात, तुला अशा शाळेत टाकू जिथं पाणी आणायला अर्धा दिवस जातो. बरं, डाव्यावर मारीन."

मी त्यांचे आभार मानून आले. खरंच मानले. आता आठवलं की चीड येते, पण तेव्हा वाटलं होतं, माणूस ऐकून घेणारा आहे.

चढाओढ जवळ आली तसे मास्तर पिसाळले. एका पोराच्या कानातून रक्त आलं, एक पोरगी वर्गातच मुतली. शनिवारी सकाळी त्यांनी पोरांना घरचा अभ्यास दिला. प्रत्येकानं आपल्या घराभोवतीच्या जागेला खुंट्या आणि दोरी लावून आयत करायचा. चारही कोपरे काटकोनात हवेत. सोमवारी मास्तर घरोघर येऊन गुण्या लावून बघणार आणि चुकलेल्या प्रत्येक कोपऱ्याला छड्या.

"मास्तर, कुंपण वाकडं असलं तर?" अनासियानं विचारलं.

"तर सरळ करा. कुंपण काय देवानं लावलंय?"

त्यांच्या मुलखात कुंपण म्हणजे काट्याच्या फांद्या. गुरं हलली की कुंपणही हलतं, आज इथं, उद्या तिथं. त्यांनी त्यांच्या हिशेबानं सांगितलं. आमच्या मुलखाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी मी बाजाराला गेले होते. अमिनिएली दारूच्या गुत्त्यावर, दीर मिशनच्या दवाखान्यात छाती दाखवायला. घरी अनासिया एकटी. घराची बाजू सरळ होती, वाटेची सरळ होती, पाटाचीही जवळजवळ सरळ. चौथी बाजू इसालेची. ती वरून खाली येताना आमच्या बाजूला शिरत होती. भाऊबंदांनी दिराला पट्टा देताना खालच्या अंगाला दोन केळीचे गड्डे जास्तीचे दिले होते, म्हणून रांग तिरकी लावली होती.

इसालेला हात लावायचा नसतो हे आमच्याकडं रांगतं पोरही जाणतं. तिलाही ठाऊक होतं. पण इसाले मारत नाही, मास्तर मारतो. तिनं कुदळ घेतली. पावसानं माती भुसभुशीत झालेली. खालच्या अंगाची झुडपं मुळांसकट उपटली, दोरी ताणली आणि दोरीच्या रेघेत पुन्हा लावली. दिराचे ते दोन गड्डे आमच्या बाजूला आले. मी परत आले तेव्हा अंधारून आलं होतं, पाऊस लागला होता. तिनं मला एवढंच सांगितलं, "आई, चारही कोपरे जमले." मी तिला जवळ घेतलं आणि पोटभर केळी वाढली.

रविवारी चर्चमधून येताना दीर पुढं होता. आम्ही वळणावर पोचलो तोवर त्यानं रांग पाहिली होती. तो ओरडला नाही. झोपडीत गेला आणि कोयता घेऊन आला. अंगावर चर्चचा पांढरा सदरा तसाच होता.

"काल मी दवाखान्यात होतो," तो म्हणाला. "तेवढा वेळ पुरला तुला, अमिनिएली?"

"काय बडबडतोस?"

"एवढी बाग खाऊन पोट भरलं नाही? मधल्याची दोन केळी पण पाहिजेत?"

माझ्या नवऱ्यानं रांगेकडं पाहिलं. त्यालाही काही कळेना, मला त्याच्या तोंडावर दिसलं. तो म्हणाला असता, मी नाही केलं, तर गोष्ट तिथं थांबली असती. पण तो म्हणाला, "तुझी केळी? तुझं इथं काय आहे रे, धुळीच्या पोत्या?"

कोयता आला तेव्हा त्यानं हात आडवा केला. उजव्या हाताची कोपराखालची बाजू उघडी पडली, आतलं पांढरं दिसलं आणि मग रक्तानं भरून गेलं. तो पडला. दीर पुन्हा कोयता उचलत होता, मी त्याच्या कमरेला मिठी मारली. त्यानं मला झटकलं, मी केळीच्या बुंध्यावर आदळले, पुढचा दात हलला. मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो गुडघ्यांवर बसला. त्या खोकल्यानं माझा नवरा वाचवला. अनासिया दारात उभी होती. तिचं तोंड उघडं बघून मला कालचे ‘चारही कोपरे’ आठवले आणि कळलं की हे कुणी केलं.

नवऱ्याचा हात दवाखान्यात शिवला. तिथल्या माणसानं सांगितलं, दोन बोटं आता मिटणार नाहीत. मी अंगणातलं रक्त पाणी ओतून धुतलं, पण माती ते पीत होती आणि काळी पडत होती.

सोमवारी मी तीच माती कुदळीनं उलटत असताना किजांगा मास्तर आले. काखेत गुण्या, मागं पाच-सहा पोरं. माझ्या सुजलेल्या तोंडाकडं त्यांनी पाहिलं आणि नजर वळवली. मग वाकून इसालेच्या रांगेला गुण्या लावला. वरचा कोपरा, मग खालचा.

"नव्वद," ते म्हणाले. "हाही नव्वद. बघा रे, याला म्हणतात आयत. अनासिया, शाबास. कुंपण सरळ केलंस ना?"

दीर आपल्या झोपडीच्या दारात बसून ऐकत होता. तो उठून आला.

"काय म्हणालात मास्तर? कुणी सरळ केलं?"

"या पोरीनं. घरचा अभ्यास होता."

दिरानं अनासियाकडं पाहिलं, मग मास्तरांच्या हातातल्या लाकडाकडं. त्यानं ते हिसकून घेतलं आणि मास्तरांच्या खांद्यावर एक घातली. दुसरी पाठीवर. मास्तर खाली बसले आणि दोन्ही हात डोक्यावर धरले, अगदी त्यांच्या वर्गातली पोरं धरतात तसे. पोरं बघत होती. त्यांतलं एकही पळालं नाही. मीही कुदळ धरून उभी राहिले, मधे पडले नाही. दिरानं लाकूड गुडघ्यावर मोडलं आणि पाटात टाकलं.

"मास्तर, इथं हद्द हलवली की माणूस मरतो," तो म्हणाला. "हे कोनाबिनाच्या आधी शिका."

मला वाटलं, आता सगळ्यांना कळलं, आता मिटेल. आमच्या कुळातले मेरिन्योबाबा आले. म्हातारे, डोळ्यांत मोतीबिंदू, पण त्यांचा शब्द चालतो. ते म्हणाले, "ज्याच्या हातानं उपटलं त्याच्याच हातानं परत लागलं पाहिजे. मग पोरीनं इसालेच्या पानाला गाठ मारून काकाच्या हातात द्यावं. पान दिलं की घेणाऱ्याला नाही म्हणायची सोय नाही. सगळं तिथं मिटेल."

"मी घेईन," दीर म्हणाला.

माझा नवरा खाटेवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?" मेरिन्योबाबांनी विचारलं.

"माझं रक्त सांडलंय त्या रांगेवर. माझी दोन बोटं गेली. त्या बोटांच्या बदल्यात ते दोन गड्डे. रांग आहे तिथं राहील."

"अरे, तू लावली नाहीस ना ती?"

"मी नाही लावली. पण आता ती माझी आहे." मग त्यानं अनासियाला हाक मारली. "इकडं ये. एक झुडूप जरी हललं, तर तू ज्या हातानं लिहितेस तो हात मी मोडीन. सगळ्यांसमोर सांगतो. मग बघू चढाओढीला काय लिहितेस."

तो मोडला असता. त्या माणसाबरोबर मी इतकी वर्षं काढली होती, त्याची कुठली धमकी पोकळ आणि कुठली खरी ते मला कळायचं. अनासियालाही कळत होतं. तिनं उजवा हात पाठीमागं लपवला.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा आमच्या बागेतलं कॉफीचं एक झाड तोडलेलं होतं. हिरव्या फळांनी लगडलेलं, सासऱ्यांच्या हातचं. दीर म्हणाला, "रोज एक. झाडं संपली की गाय. मी पोरीला हात लावणार नाही, पण रांग परत लागेपर्यंत थांबणारही नाही." नवऱ्यानं डाव्या हातानं कोयता फेकला, तो झोपडीच्या कुडात रुतला. त्याच्या पुढच्या दिवशी दुसरं झाड पडलं. मी अनासियाला म्हटलं, "चढाओढ होऊ दे. मग बघू. तोवर कशाला हात लावू नकोस." ती मान हलवायची आणि राखेत काडीनं आकृत्या काढायची. तिच्या रेघा आता थरथरत होत्या. परिमिती विचारली तर क्षेत्रफळ सांगायची. दोन रात्री ती जेवली नाही.

चढाओढीच्या दिवशी सकाळी मी तिचा गणवेश काढून ठेवला होता. ती गणवेश न घालता कुदळ घेऊन उभी होती.

"आई, मी लावते परत. नाहीतर फळ्यापुढं उभी राहिले तरी मला बाबांचा हातच दिसेल. आतला पांढरा."

"आणि त्यानं तुझा मोडला तर?"

"मोडू दे."

अकरा वर्षांची पोर मला म्हणाली, मोडू दे. मी गवताचा विळा कमरेला खोचला आणि तिच्यामागून निघाले. दिराला हाक मारली, तो येऊन आपल्या बाजूला उभा राहिला. मेरिन्योबाबांना बोलवायला वेळ नव्हता.

पहिल्या खड्ड्यांची माती अजून मऊ होती, कळत होती. तिनं एक झुडूप उपटलं, जुन्या जागी लावलं, टाचेनं माती दाबली. मग दुसरं. तिसऱ्याला घराचं दार वाजलं. अमिनिएली बाहेर आला. त्याच्या डाव्या हातात कुदळीचा दांडा होता. पळत नव्हता, चालत येत होता.

मी मधे उभी राहिले.

"बाजूला हो."

"नाही होत."

"अनासियाच्या आई, बाजूला हो. आधी तिचा हात, मग तुझं बघतो."

त्यानं दांडा उचलला. मी विळा त्याच्या मानेला लावला. पात्याला कालच्या गवताचा चीक चिकटलेला होता. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं, पात्याखाली कातडं फाटलं आणि रक्ताची धार त्याच्या गळ्यातल्या फडक्यावर उतरली.

"तू? माझ्यावर?"

"हो, मी. अजून एक पाऊल टाक, मी गवत कापते तसं कापीन. मला फाशी दिली तरी चालेल."

मी खोटं बोलत नव्हते. त्याला तेही कळत होतं. त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता, शिळ्या दारूचा. दांडा खाली आला नाही आणि पुढंही आला नाही. माझा हात दुखायला लागला तरी मी विळा हलवला नाही. मागं अनासिया झुडपं लावत होती. कुदळ, टाच, कुदळ, टाच. त्या आवाजाशिवाय तिथं काही नव्हतं.

शेवटचं झुडूप लागलं. तिनं एक पान तोडलं, गाठ मारली आणि चिखलाच्या दोन्ही हातांनी दिरापुढं धरलं.

"काका, चुकलं माझं."

दिरानं पान घेतलं. बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "सरळ रांग छान दिसत होती ग पोरी. पण केळी माझी होती."

विळा हातात तसाच धरून मी तिला घेऊन निघाले. गणवेश तिनं वाटेत, कॉफीच्या झाडांआड घातला.

मिशनच्या पटांगणात शाळा बसल्या होत्या. किजांगा मास्तर खांदा वाकडा करून उभे होते. आम्हाला बघून त्यांनी मान खाली घातली. अनासियाच्या नखांत माती होती, त्याच हातानं तिनं खडू धरला. त्रिकोण काढला, वर्तुळाचा व्यास सांगितला, परिमिती चुकली नाही, क्षेत्रफळ चुकलं नाही. मी मागं बायकांत बसून तोंडातला हलता दात जिभेनं दाबत होते. एक आकृती तेवढी तिला आली नाही. परीक्षकबाईंनी चार बाजूंची एक आकृती काढली, तीन बाजू सरळ आणि चौथी तिरकी. याला काय म्हणतात, असं विचारलं. अनासिया त्या आकृतीकडं बघत राहिली. दुसऱ्या शाळेतल्या पोरानं सांगितलं, समलंब चौकोन.

म्हणजे आमच्या बागेच्या आकाराला नाव होतं. पुस्तकात छापलेलं होतं. दोन कोपरे काटकोनात नसले तरी तो चांगला चौकोन असतो, असं त्यात लिहिलेलं होतं. मी मास्तरांकडं पाहिलं. तो धडा त्यांनी घेतलाच नव्हता, म्हणे त्यावर प्रश्न येत नाहीत. माझ्या कमरेला विळा होता. मी उठून त्यांच्याजवळ जाणार होते, एवढ्यात बाईंनी निकाल वाचला. पोरींत अनासिया पहिली.

मिशनच्या बायका भल्या होत्या. त्यातल्या एकीनं माझं तोंड पाहिलं, पोरीचे तळवे उलटून पाहिले आणि म्हणाली, "कपडे आमच्याकडं आहेत. हवं तर आजच राहू दे तिला." मी म्हटलं, राहू दे. अनासियानं माझा पदर धरला होता, तो मी एक एक बोट सोडवून काढून घेतला.

येताना मैदानात उतरून गवत कापलं, कारण गाय सकाळपासून उपाशी होती. भारा घेऊन चढले. इसालेची रांग तिरकी उभी होती, झुडपांनी माना टाकल्या होत्या. अमिनिएली दारात बसला होता. मानेवर चिंधी बांधलेली, मांडीवर कुदळीचा दांडा. मी गाईपुढं गवत टाकलं, विळा छपरात खोचला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

त्यानं मारलं. एकाच हातानं मारलं, पण जोर दोन्ही हातांचा होता. माझी बरगडी मोडली, तो दातही पडला. मी डोकं झाकलं, ओरडले नाही. दीर कुडापलीकडून म्हणत होता, पुरे, अमिनिएली, पुरे. दमल्यावर अमिनिएली उंबऱ्यावर बसला, धापा टाकत.

"अनासिया कुठंय?" त्यानं विचारलं. "आत लपवलीस? बोलव तिला."

तोंडातलं रक्त मी थुंकले.

"ती गेली," म्हटलं. "मिशनमध्ये. आता यायची नाही."

त्याच्या हातातला दांडा निसटून खाली पडला. तो त्यानं उचलला नाही.